चालता चालता प्रूफं

ताशी दोन किलोमीटर या वेगाने ठरवून कोणी चालत नाही. डोंबिवलीच्या फडके रोडवर साड्यांच्या दुकानांसमोरून, काचेआड नजर ठेवून बायका पुढे सरकतात ना, तसा तो वेग. दम लागत नाही, घाम येत नाही, बोलताना शब्द तुटत नाहीत. गेली काही वर्षं माझं जवळपास निम्मं काम मी या वेगाने करते आहे. अनुवाद आणि मुद्रितशोधन हा माझा व्यवसाय, आणि घर हेच ऑफिस. कोपराच्या उंचीचं एक टेबल, त्यावर संगणक आणि कागद, आणि टेबलाखाली जमिनीलगत एक बुटकी, कठडा नसलेली ट्रेडमिल. दुकानात तिला वॉकिंग पॅड म्हणतात. आमच्या घरात तिचं नाव नुसतं ‘पट्टा’.

ऐकणारा पहिला प्रश्न वजनाचा विचारतो. वजन माझं आधीही फार नव्हतं, आजही तेवढंच आहे. आणि म्हणूनच हे सगळं सविस्तर सांगावंसं वाटतं.

मी लहानपणापासून बारीक. बारीक माणसाला ‘जरा चालत जा’ असं कोणी म्हणत नाही. घरी आलेली पाहुणी जाड बहिणीला व्यायामाचे सल्ले देते आणि बारीक बहिणीला आणखी एक लाडू वाढते. चाळिशी ओलांडल्यावर एका नेहमीच्या तपासणीत माझं रक्तातल्या साखरेचं मोजमाप, म्हणजे एचबीएवनसी, ६.१ निघालं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा. माझा विश्वासच बसेना. डॉक्टरबाईंनी औषध लिहिण्याआधी मला दिवस कसा जातो ते विचारलं, आणि मग पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामाबद्दल सांगितलं. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो शेजारीशेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातल्या चरबीचं प्रमाण युडकिन यांचं ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचं २१.२ टक्के. बाहेरून बारीक आणि आतून चरबी साठवणारं आपलं हे भारतीय शरीर. डॉक्टरबाई म्हणाल्या, “तुमच्या आरशावर विश्वास ठेवू नका, रिपोर्टवर ठेवा.” त्यांनी मला चालायला सांगितलं.

चालायला लागण्याचा प्रयत्न त्याआधीही झाला होता आणि त्यानंतरही झाला. सकाळी लवकर उठून मैदानावर जायचं, चार फेऱ्या मारायच्या. काम कमी असलं की हे सुरळीत चालायचं. पण अनुवादाच्या धंद्यात काम कधी सांगून येत नाही. रात्री साडेनऊला फोन येतो, “मॅडम, उद्या बारापर्यंत हवंय.” मग पहाटेची वेळ मैदानाची राहत नाही. पाऊस सुरू झाला की चार महिने रस्त्याकडेला चालण्याजोगी जागा उरत नाही. घरात कोणी आजारी पडलं, परीक्षा आल्या, गणपती आले, की सगळ्यात आधी काय कापलं जातं? कामाच्या आणि घराच्या बाहेर असलेली ती पाऊण तासाची जागा. इच्छाशक्तीवर पुष्कळ भाषणं ऐकली आहेत मी. माझ्या अनुभवात इच्छाशक्तीचा प्रश्न फार थोडा होता. प्रश्न होता तो चालणं दिवसाच्या कुठल्या कप्प्यात ठेवलंय, याचा. बाहेरच्या कप्प्यात ठेवलेली वस्तू घाईत पहिल्यांदा खाली पडते.

याच काळात एका आरोग्यविषयक पुस्तकाचा अनुवाद माझ्याकडे आला. त्यात जेम्स लेव्हिन या मेयो क्लिनिकमधल्या डॉक्टरांचे प्रयोग होते. १९९९ सालच्या प्रयोगात त्यांनी १६ धडधाकट माणसांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा एक हजार कॅलरी जास्त खाऊ घातल्या. सगळ्यांना जादा अन्न तेवढंच. पण कोणाच्या अंगावर अर्धा किलोसुद्धा चरबी चढली नाही, तर कोणाच्या अंगावर चार किलोंहून अधिक. फरक कशात होता? व्यायामात नाही, कारण व्यायाम कोणालाच वाढवू दिला नव्हता. फरक होता तो उठण्याबसण्यात, उभं राहण्यात, इकडून तिकडे जाण्यात, दिवसभराच्या बारीकसारीक हालचालींत. याच लेव्हिन यांनी पुढे ट्रेडमिलवर टेबल बसवलं. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोजमापात स्थूल कर्मचारी बसून काम करताना तासाला सरासरी ७२ कॅलरी खर्च करत होते, आणि ताशी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास चालत काम करताना १९१. माझ्यासारख्या बारीक बाईचा आकडा याहून कमी असणार हे उघड आहे. पण मला आकड्यापेक्षा कल्पना भावली. त्यात चालण्यासाठी वेळ काढायचा नव्हता, तर काम चालतं करायचं होतं.

पट्टा विकत घ्यायला वीस-बावीस हजार लागले, टेबलाला वेगळे. तयार, वरखाली होणारं टेबल परवडलं नाही, म्हणून ओळखीच्या सुताराकडून करून घेतलं. या कामात एक गोष्ट फार महत्त्वाची आहे आणि ती कुठल्या जाहिरातीत सांगत नाहीत. टेबलाची उंची जमिनीवर उभं राहून मोजायची नाही. पट्ट्याला स्वतःची जाडी असते, बुटांना तळ असतो. पट्टा आणून, बूट घालून, त्यावर उभी राहून मी कोपर काटकोनात धरलं आणि सुतारदादांना म्हटलं, आता इथे खूण करा. त्यांनी खूण केली, मग मला प्रत्यक्ष चालायला लावलं आणि खूण बोटभर खाली घेतली. “चालताना माणूस खांदे सोडतो, ताई,” म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. पडदा नजरेसमोर यावा म्हणून त्यांनी उरलेल्या फळीची एक पेटी करून दिली. ती अजून आहे, आणि मान दुखत नाही याचं श्रेय मी तिला देते.

बुटांवरून मात्र घरात बोलणं झालं. घरात पायताण घालून फिरायचं, तेही देवघराच्या समोरच्या खोलीत, हे सासूबाईंना पटेना. अनवाणी चालून पाहिलं. थोड्याच वेळात तळवे तापतात, बोटांच्या मुळाशी कातडी सोलवटते. शेवटी एक कोरा जोड आणला, जो आजवर उंबऱ्याबाहेर गेलेला नाही. तो पट्ट्याशेजारच्या कापडी पिशवीत राहतो. सासूबाईंनी स्वतःच ती पिशवी शिवली.

पुढचा प्रश्न खालच्या मजल्याचा होता. यंत्राचा आवाज फारसा नसतो, पण पावलांचा ठेका स्लॅबमधून खाली उतरतो. वर उभ्या माणसाला तो ऐकूच येत नाही. खालच्या वहिनी एका दुपारी वर आल्या. त्यांच्या मुलाची दहावी होती. त्या रागावल्या नव्हत्या, काळजीत होत्या. “रोज दुपारी कोणीतरी डोक्यावरून फेऱ्या मारतंय असं त्याला वाटतं,” म्हणाल्या. आम्ही दोघी मिळून उपाय शोधला. जिममध्ये घालतात तसा जाड रबरी गालिचा पट्ट्याखाली आला. पट्टा खोलीच्या मधोमध होता, तो तुळईच्या रेषेत भिंतीकडे सरकवला. आणि वेळा ठरल्या: दुपारी दोन ते चार बंद, रात्री नऊनंतर बंद. इमारतीत राहणाऱ्याने हे यंत्र आणायचं असेल तर आणण्याआधी खालच्या घरी जाऊन यावं, असं मी सगळ्यांना सांगते. त्या दोन ते चारच्या बंदीने पुढे माझंच भलं केलं. ते कसं, ते पुढे येईल.

आता खऱ्या विषयाकडे येते, म्हणजे कामाकडे. कोणतं काम चालता चालता होतं आणि कोणतं होत नाही, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला, आणि या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त मी त्यातून शिकले.

टंकलेखन चालताना होतं, पण बिघडतं. मी इनस्क्रिप्ट कळफलक वापरते. त्यात ऱ्हस्व वेलांटी आणि दीर्घ वेलांटी एकमेकींच्या खालीवर आहेत, तसेच ऱ्हस्व उकार आणि दीर्घ उकार. बसलेल्या माणसाचं बोट चुकत नाही. चालणाऱ्याचं मनगट किंचित हलतं आणि ‘कवी’चा ‘कवि’ किंवा ‘दूर’चा ‘दुर’ होऊन जातो. प्रूफं तपासून पोट भरणाऱ्या बाईला हे चालणार नव्हतं. माउसचं तर त्याहून कठीण. बारीक खुणेवर नेम धरायचा तर पाय आपोआप थांबतात. म्हणून करारनामे, कायद्याचे मसुदे, जिथे एका वाक्यात पाच पोटवाक्यं असतात आणि एक ‘किंवा’ इकडचा तिकडे झाला तर अर्थ फिरतो, ते मी खुर्चीवर बसूनच करते. त्यात मला कमीपणा वाटत नाही.

याउलट, मूळ मजकुराचं पहिलं वाचन चालताना फार छान होतं. अनुवादाला बसण्याआधी पुस्तक एकदा सलग वाचायचं असतं, लेखकाचा श्वास पकडायचा असतो. खुर्चीवर हे वाचन करताना माझा हात दर दोन पानांनी शब्दकोशाकडे जायचा, मध्येच फोनकडे जायचा. चालताना हात मोकळे असले तरी मन इकडेतिकडे जात नाही. पाय त्यांच्या कामाला लागलेले असतात आणि डोळे त्यांच्या.

प्रूफांच्या दुसऱ्या वाचनाचंही तसंच. हे वाचन मी मोठ्याने करते. जुन्या छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं, अशी जोडी असे. माझ्याकडे जोडीदार नाही, म्हणून मीच वाचते आणि मीच ऐकते. चालत वाचताना वाक्य लांबलं की श्वास पुरत नाही, आणि श्वास पुरला नाही की तिथे काहीतरी गडबड आहे हे कळतं. एका कादंबरीच्या प्रुफात एक परिच्छेद मला सारखा अडत होता. बसून वाचताना त्यात काहीच खटकलं नव्हतं. चालताना तीनदा त्याच जागी श्वास तुटला. मूळ हस्तलिखित काढून पाहिलं, तर पानं जुळवताना मधली एक ओळ गळाली होती. लेखिकेने फोन करून विचारलं, कसं सापडलं? मी सांगितलं, चालताना. त्यांना ते विचित्र वाटलं नाही, त्या स्वतः स्वयंपाकघरात फेऱ्या मारत संवाद म्हणून पाहतात.

हा माझ्या एकटीचा भास असेल, असं मला काही दिवस वाटत होतं. मग वाचनात आलं की मेयो क्लिनिकमध्येच दोन रेडिओलॉजिस्टनी आधी पाहून झालेले सीटी स्कॅन ट्रेडमिलवर चालत पुन्हा पाहिले होते. २००८ साली ते प्रसिद्ध झालं. चालताना त्यांच्या नजरेतून सुटणाऱ्या गोष्टी वाढल्या नाहीत, उलट कमी झाल्या. प्रयोग अगदी लहान आहे आणि त्यावर इमला उभारू नये. पण तेही एक प्रकारचं प्रूफवाचनच, आणि माझ्या अनुभवाला त्याने आधार दिला.

आमच्या व्यवसायात उभं राहणं मुळात नवीन नाही, हेही मला उशिरा सुचलं. शिशाचे खिळे जुळवणारे जुळारी केससमोर दिवसभर उभे असत. हात एका खणातून दुसऱ्या खणात जात असे, पाय भार बदलत असत. छपाई संगणकावर आली आणि आम्ही सगळे एकदम खाली बसलो. काम स्वच्छ झालं, वेगवान झालं. डोळ्यांना अधिक झालं आणि बाकीच्या शरीराला उरलंच नाही. त्या काळाची मला ओढ नाही. शिशाची धूळ आणि अंधाऱ्या खोल्या कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. पण कामातून शरीर वजा झालं, हे मात्र खरं.

माझे वडील बेस्टमध्ये कंडक्टर होते. अण्णांच्या खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि पंच. ते बसमधून सतत पुढेमागे फिरायचे. त्यांच्या बरोबरीचे काही ड्रायव्हर निवृत्तीआधीच हृदयविकाराने गेले, अण्णा मात्र काटक राहिले. घरी हे नशिबावर घातलं जायचं. लंडनच्या जेरी मॉरिस यांचा १९५३ सालचा अभ्यास मी वाचला तेव्हा मला अण्णा दिसले. लंडनच्या वाहतूक सेवेतल्या सुमारे ३१ हजार पुरुषांची नोंद मॉरिस यांनी तपासली, आणि दुमजली बसचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, झाला तरी उशिरा आणि कमी तीव्रतेचा होतो, असं त्यांना दिसलं. या मॉरिस यांच्याबद्दल मला आदर आहे तो पुढच्या गोष्टीमुळे. आपलाच निष्कर्ष त्यांनी उलटून तपासला. तीन वर्षांनी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी या कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या मापांच्या नोंदी काढल्या, तेव्हा तरुण वयातसुद्धा ड्रायव्हरांच्या विजारी कमरेला मोठ्या निघाल्या. म्हणजे फरक सगळाच कामामुळे पडला असं नाही. माणसंही मुळात थोडी वेगळी होती. तरीही पुढच्या कित्येक दशकांच्या संशोधनाने त्यांचा मूळ मुद्दा टिकवून धरला.

अण्णांचीही सगळी कथा सोपी नव्हती. मुंबईच्या दुमजली बसवर दोन्ही मजल्यांना वेगळा कंडक्टर असे, त्यामुळे लंडनवाल्यांइतके जिने ते चढले नाहीत. आणि इतकी वर्षं उभं राहिल्यामुळे त्यांच्या पोटऱ्यांच्या शिरा फुगल्या होत्या, निळ्या गाठी आल्या होत्या. रात्री ते भिंतीला पाय लावून पडायचे. म्हणून ‘बसणं वाईट, उभं राहणं चांगलं’ असं कोणी म्हटलं की मला त्यांचे पाय आठवतात. शिक्षक, पोलीस, न्हावी, दुकानातल्या सेल्सगर्ल यांना उभं राहण्याचे गोडवे सांगायला कोणी जाऊ नये. शरीराला एका जागी, एका स्थितीत राहणं सोसत नाही, मग ती स्थिती कोणतीही असो. मी दीड तासाच्या वर सलग चालत नाही. मग बसते, मग पुन्हा चालते.

दुपारच्या बंदीचं आता सांगते. दोनला पट्टा बंद, म्हणून जेवण एकच्या आत उरकून त्यानंतर मी पंधरावीस मिनिटं चालू लागले, पत्रव्यवहाराची उत्तरं वाचत. ही सवय अशी अडचणीतून लागली. नंतर ग्लुकोमीटरने जेवणानंतरची साखर मोजून पाहायची डॉक्टरबाईंनी सूचना केली, तेव्हा जेवून बसले तो दिवस आणि जेवून चालले तो दिवस यांत स्पष्ट फरक दिसला. जेवताना रक्तात आलेली साखर चालणारे स्नायू लगेच उचलतात, त्यासाठी इन्सुलिनवर सगळा भार पडत नाही. २०१३ साली अमेरिकेत साठीपुढच्या माणसांवर झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालण्याने, विशेषतः रात्रीच्या जेवणानंतरची साखर, एकदम पाऊण तास चालण्यापेक्षा चांगली आटोक्यात राहिली. आपल्याकडे जेवून शतपावली घालणारे आजोबा हे पाळत आलेच होते. वर्षभराने माझं एचबीएवनसी ५.८ वर आलं. सगळं पट्ट्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही. त्याच वर्षी भात निम्मा केला होता, संध्याकाळची बिस्किटं बंद केली होती. पण चाळिशीत पहिल्यांदाच माझं शरीर मला दाद देतंय असं वाटलं, आणि ती जाणीव मोठी होती.

याला व्यायाम म्हणू नये, हे मी आवर्जून सांगते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाता येत नाही, इतका दम. ताशी दोन किलोमीटरला मी गाऊ शकते. हृदयाला आणि फुप्फुसांना त्यात मेहनत पडत नाही, हाडांना आणि स्नायूंना ताकद येत नाही. त्यासाठी मी जिना चढते, आठवड्यातून तीनदा वजनं उचलते. पट्टा बाजाराचीही जागा घेत नाही. भाजीवाल्या मावशींशी बोलणं, अंगावर ऊन पडणं, ओळखीचा चेहरा दिसून पाय थांबणं, हे खोलीत होत नाही. त्यामुळे पट्ट्यावर कितीही चालले असले तरी संध्याकाळी मी पिशवी घेऊन खाली उतरते.

हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीच्या ऑफिसात अशी दोन टेबलं आणली होती. मोठ्या हॉलच्या मधोमध ठेवली. पहिल्या आठवड्यात फोटो निघाले. नंतर कोणी फिरकेना, कारण तिथे चालणारा सगळ्यांना दिसायचा आणि काम सोडून व्यायाम करतोय असं वरिष्ठांच्या नजरेत दिसायचं. पुढे उलटंच झालं. जेवणाच्या सुट्टीत बाहेर फेरी मारायला जाणाऱ्या मुलींना सांगण्यात आलं, चालायचं तर टेबल आहे ना, तिथे चाला, कॉलही होऊन जाईल. मला याचा राग येतो. १८१८ साली विल्यम क्युबिट या इंग्लिश अभियंत्याने कैद्यांसाठी पायऱ्यांचं फिरतं चाक बनवलं, ट्रेडमिल हा शब्द तिथला. कैद्याला ते थांबवता येत नसे. माझ्या पट्ट्याचं बटण माझ्या हातात आहे म्हणून तो माझ्या उपयोगाचा आहे. विश्रांतीची फेरी हिरावून घेण्यासाठी कोणी तो वापरणार असेल, तर त्यापेक्षा साधी खुर्ची आणि अर्धा तास मोकळी हवा हजारपट बरी.

देखभालीबद्दल थोडं. दर काही आठवड्यांनी यंत्रावरचा फिरता पट्टा उचलून खाली सिलिकॉन तेलाचे थेंब सोडावे लागतात. खोबरेल किंवा मशीनचं तेल चालत नाही. पट्टा एका बाजूला सरकू लागला तर मागच्या रोलरचा बोल्ट ॲलन कीने पाव फेरा फिरवायचा आणि थोडा वेळ चालवून पाहायचं, एकदम पूर्ण फेरा फिरवायचा नाही. अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट हवाच. आणि घरात लहान मूल येणार असेल तर वायर काढून ठेवायची. मागच्या रोलरशी बोटं जाण्याचा धोका खरा आहे. माझी भाची येते तेव्हा पट्टा पलंगाखाली जातो, आणि त्या दिवशी आम्ही दोघी मैदानावर जातो.

पावसाळ्यात पट्ट्याला दुसरी मालकीण मिळते. सासूबाईंचं वय पंचाहत्तरीकडे झुकलेलं, गुडघे कुरकुरणारे. पावसात घसरून पडण्याच्या भीतीने त्यांचं देवळात जाणं थांबतं, आणि चार महिने बसून काढले की दिवाळीत जिना चढता येत नाही. डॉक्टरांना विचारून आम्ही सर्वांत कमी वेगावर सुरुवात केली. “आई, दोन्ही हात टेबलावर ठेवा, मी शेजारी आहे,” असं मी म्हणायची. आता सकाळची पोथी झाली की त्या येतात आणि म्हणतात, “अगं, तुझं बसायचं काम काढ बघू, आता माझी पाळी.” टेबलावर वर्तमानपत्र पसरतात, दहा मिनिटं चालतात, एखादी बातमी मला मोठ्याने वाचून दाखवतात. मी शेजारच्या खुर्चीवर करारनामा घेऊन बसलेली असते. त्यांच्यासाठी सुतारदादांकडून टेबलाच्या कडेला धरायला लाकडी दांडा लावून घेतला आहे.

हल्ली नव्याने या व्यवसायात आलेल्या मुली फोन करून विचारतात, कोणतं यंत्र घेऊ? त्यांतली एक पुण्यात सदाशिव पेठेत एका वाड्यातल्या पीजीत राहते. खोलीत पलंग, कपाट आणि एक टेबल, मध्ये उभं राहायला जेमतेम जागा. तिच्या पैशांचं आणि खोलीचं दोन्हीचं गणित बसत नव्हतं. मी तिला म्हटलं, यंत्र राहू दे. आठवडाभर तू काय काय काम करतेस ते लिहून काढ. तिने लिहिलं, आणि तिच्या लक्षात आलं की संपादकांशी बोलणं, मजकुराचं पहिलं वाचन, प्रुफाचं मोठ्याने वाचन, ही सगळी कामं कळफलकाशिवायची आहेत. आता ती प्रुफाचे कागद पॅडला लावून वाड्याच्या गच्चीवर नेते, पेन्सिल कानावर. खुणा करायला थांबते, पुन्हा चालते. पावसात गच्चीऐवजी वाड्याचा लांब सोपा. घरमालकीणबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, काय गं, पाठांतर चाललंय का? परवा तिने माझ्याकडे एका चरित्राची प्रूफं पाठवली, पहिल्या वाचनाची. पानापानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या, आणि त्यांतल्या तीन जागा मी दुसऱ्या वाचनात तशाच ठेवल्या, कारण त्या माझ्याही नजरेतून सुटल्या असत्या.